माहेरचं घोंगडं

भावकीची बैठक म्हणजे घोंगडी दोन अंथरायची. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. एक घोंगडं सासरचं, एक माहेरचं. सून गुणाची असो की तोंडाळ, तिच्या बाजूनं बोलायला माहेरचं माणूस समोर बसल्याशिवाय निवाड्याला तोंड फुटायचं नाही. हौसरावांच्या कांद्याच्या वखारीत गड्यानं सकाळीच दोन्ही घोंगडी टाकली होती. सासरच्या घोंगड्यावर सात-आठ पटकेवाले दाटीवाटीनं बसले होते. दुसऱ्यावर एक कोंबडी येऊन बसली, तिला कुणीतरी हुसकावलं, एवढीच काय ती माहेरची वर्दळ.

बंगालच्या पोरीचं माहेर येणार तरी कुठनं?

म्हाळूनं तिला आणली तवा याच लोकांनी त्याला हार घातला होता, हे सांगितलंच पाहिजे. हौसरावांचा हा थोरला पोरगा कांद्याचा ट्रक घेऊन कलकत्त्याला गेला आणि येताना निर्वासितांच्या छावणीतनं एक पोरगी घेऊन आला. घर जळालेलं, आईबाप वाटेत मेलेले, नाव पारुल. म्हाळूनं पुण्य केलं, असं जो तो म्हणत होता. पुढं लढाई संपली, तिकडं नवा देश झाला, छावण्यांतली माणसं सरकारनं गाड्या भरभरून परत धाडली. पारुल तेवढी घोडनदीकाठच्या या वस्तीवर राहिली, म्हाळूची बायको आणि बकुळीची आई होऊन. सरकारच्या लेखी मात्र ती कुणीच नव्हती. रेशनकार्डावर तिचं नाव चढवायला कुणी गेलंच नाही.

असल्या माणसावर हात उचलायला काही लागत नाही. पहिला हात म्हाळूचा उठला. मग धाकट्या दिराचा. विहिरीवर कुणी तिची घागर फोडली तरी तिनं गप बसायचं, कारण तोंड उघडलं की शब्द ठरलेला: "चौकीत दिऊ का तुला?" कुठल्याशा चौकीचा एक हवालदार म्हाळू ट्रकवर असताना 'चौकशी'ला येऊन गेला. एकदा नाही, दोनदा. कस्तुराबाई, म्हणजे तिची सासू, तवा बाजाराला गेलेली. पारुल त्यावर कधी बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आता तळेगाव ढमढेऱ्याच्या एका बागायतदाराची लेक म्हाळूला सांगून आली होती. अट एकच, आधीची घरात नको. म्हाळूनं तोडही काढली होती. अर्ज द्यायचा, की ही परदेशी बाई, हिच्याकडं कागद नाही, घेऊन जा. आणीबाणीचे दिवस. पोलिसाला कुणी 'का' म्हणून विचारत नव्हतं. पण घरातली सून अशी काढून द्यायची म्हणजे भावकीची मान हलायला हवी, आणि भावकीत चांगुणाआत्याच्या शब्दाला वजन होतं. म्हणून हौसरावांनी आपल्या या थोरल्या बहिणीला दौंडवरनं मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

आत्या आली ती आधी चुलीपाशी गेली. पारुल डाव्या हातानं भाकरी थापत होती. उजवा हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला.

"हात दाखव."

"काय न्हाई आत्या. पडले."

"मला शिकवू नगं. कशानं मारलं?"

पारुलनं दाराकडं बघितलं. पाच वर्षांत तिला गावची बोली चांगली आली होती, फक्त 'स'चा 'श' व्हायचा. "टामीनं," ती म्हणाली.

टामी म्हणजे ट्रकचं चाक खोलायचा लोखंडी दांडा. आत्यानं फडकं सोडून बघितलं आणि तिच्या तोंडून म्हाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आपण त्याच पिढ्यांतल्या, हे ध्यानात येऊन ती थांबली.

"दवाखान्यात नेलं का?"

"डाक्टर नाव इचारतो, गाव इचारतो." पारुल पिठाकडं बघत बोलत होती. "आत्या, एक शांगू? मारू दे त्याला. मी कवा कुणाला शांगितलं का? मारू दे. पण खाकीला देऊ नका. बॉर्डरला रात्री खाकी यायचे, बॅटरी घेऊन. बाया मोजायचे. शकाळी बाया कमी भरायच्या. माजी भैन..."

तव्यावरची भाकरी करपली. आत्यानंच ती उलथली.

वखारीच्या मागं हौसराव एकटेच उभे होते, हातावर तंबाखू मळत. आत्याला बघून म्हणाले, "आक्का, तुला काय बोलायला लागायचं न्हाई. तू निस्ती मान हलव."

"आन् तिचं काय व्हईल रं हौसा?"

"सरकार तिला तिच्या देशात सोडंल. बरंच हाय की. आपल्या माणसात जाईल."

"तिची माणसं मेल्यात."

"मग? आपण मारली का?" हौसरावांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तळेगावकर मोठी माणसं हायती, आक्का. म्हाळू टरकावरच्या संगतीनं पार वाया चाललाय. सासरा तालेवार मिळाला तर माणसात ईल. बापाच्या जागी हुबी राहून बघ."

आत्या काही हौसरावांना वाईट म्हणू शकत नव्हती. नवरा भिमाजी रेल्वेत शंटर होता, डब्यांच्या मधे सापडून गेला, तवा हाच भाऊ दौंडात महिनाभर मुक्काम ठोकून बसला होता. तिला रेल्वेच्या दवाखान्यात आयाची नोकरी मिळावी म्हणून साहेबांच्या पाया पडला. भाऊबिजेला एक साल चुकला नाही. आत्याला मूल ना बाळ. सण काय, दुखणं काय, 'मी घरी चालले' म्हणायला तिला जगात एवढा एकच उंबरा होता.

"बघू," ती म्हणाली.

"बघू न्हवं. हो म्हण."

ती काहीच म्हणाली नाही. हौसरावांनी ते हो धरलं. माणूस गरजेला बहिरं होतं ते असं.

बैठकीला दगडोबा मधे बसले. नात्यानं म्हाळूचा चुलता, सगळ्यांचे तात्या, हुद्द्यानं गावचे पोलीस पाटील, आणि स्वभावानं रीतभातीचे इतके कडक की लग्नात अक्षता उलट्या हातानं टाकल्या म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याला झापलं होतं. बाया वखारीतनं घरात जायच्या दाराआड. पारुल उंबऱ्याशी, बकुळीला कडेवर घेऊन. आत्या बाया आणि बाप्ये यांच्या मधे, दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"माह्यारचं घोंगडं मोकळं हाय," दगडोबा म्हणाले.

"ते भरायचंच न्हाई, तात्या," म्हाळू म्हणाला. "तिचं हाय कोण? उरका."

"उरका काय? लगीन उरकलं का तुझं? रीत हाय ती." दगडोबांनी चष्मा पुसला. "बरं, मी त्या साली आजारी हुतो, लग्नाला नव्हतो. लगीन लागलं तवा पोरीच्या बाजूनं कोण हुबं हुतं?"

"कोण हुबं ऱ्हाणार?" हौसराव म्हणाले. "कुणीच न्हाई."

आत्याच्या कानात ते शब्द गेले आणि तिला आपलं लुगडं आठवलं. हिरवं, काठाचं. भिमाजी नव्या टोपीत, दोघं पाटावर, समोर ही थरथरणारी पोर आणि तिच्या ओंजळीवर आत्यानं धरलेली झारी. भटजी अडून बसला होता, कन्यादानाबिगर लगीन लावायचा नाही. आईबाप आणायचे कुठनं? मग हौसरावच हसत म्हणाले होते, दाजी, आक्का, बसा तुम्ही, तुमालाबी पोर न्हाई, पुण्य घ्या. सगळा मांडव हसला. घटकाभराचं काम म्हणून आत्याही हसत बसली होती.

"मी हुते," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"कन्यादान आमी केलं. मी आन् भिमाजीनं."

"आगं आक्का, ते नाटक हुतं!" हौसराव हसायला गेले, पण त्यांना हसू काही आलं नाही. "भट ऐकंना म्हणून बसवलं तुमाला. त्याचं काय एवढं?"

"नाटक?" दगडोबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "कन्यादान नाटक, म्हंजी लगीनबी नाटक. मग ही कडंवरची पोर कुणाची, हौसा? तुझी नात का कुणाची?"

म्हाळू खाली बघत पायाच्या नखानं घोंगड्याची लोकर उपटत होता.

"याला साक्ष काय?" एक जण म्हणाला. "भट मेला, दाजी गेलं. आत्याबाई आज काय बी म्हणत्याल."

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. "साक्ष मी देते."

कस्तुराबाई! ज्या बाईनं पाच वर्षांत सुनेला नीट ताटलीभर जेवू दिलं नव्हतं, जी तळेगावच्या स्थळासाठी देव पाण्यात घालून बसली होती, ती पदर सावरत उंबऱ्यात आली. पुरुषांच्या बैठकीत बायकांनी बोलायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"तू गप ग," हौसराव ओरडले.

"का म्हून गप? इहिणीचं पाय धुयाचं असत्यात ना लग्नात? ह्या नणंदबाईंनी माजं पाय धुतल्यात. पितळी घंगाळात. ह्या हातांनी पुसल्यात. मी ह्या घरात आल्यापासनं त्यांनी माज्यापुढं मान वाकवली ती एकदाच. मीठ जास्त पडलं म्हणून भरल्या पंगतीत माजी आय काढणारी बाई, खाली बसून माजी बोटं धूत हुती. आन् तुमी म्हणता कुणीच नव्हतं? मरूस्तवर इसरायची न्हाई मी!"

वखारीत हशा पिकला. दगडोबासुद्धा मिशीत हसले. आत्याला एकीकडं राग आला आणि एकीकडं त्या बाईचे पाय पुन्हा धुवावेसे वाटले. पाच वर्षं जपलेला तो मोठेपणा कस्तुराबाईला कुठं तरी एकदा चारचौघांत मिरवायचाच होता. त्यानं काय होईल याचा तिनं विचार केला असेल का? तिलाच ठाऊक. ती आत निघून गेली खरी, पण जाताना बकुळीला पारुलच्या कडेवरून उचलून घेऊन गेली.

"मग बसा, आत्याबाई," दगडोबा म्हणाले. त्यांनी माहेरच्या घोंगड्याकडं हात केला.

आत्या चालत गेली आणि बसली. भावाच्या समोर बसायची तिची ही पहिलीच खेप. घोंगडं टोचत होतं.

"मला जाब पायजे," ती म्हणाली. "माज्या लेकीचा हात का मोडला?"

"लेक?" म्हाळू ताडकन उठला. "कन्यादानानं कागद मिळतो व्हय? बंगालीण ती बंगालीणच. मी आत्ताच जातो चौकीत, बघू कोण आडवतं. ए, चल गं!" आणि तो उंबऱ्याकडं झेपावला. पारुलनं मोडका हात पोटाशी घेतला आणि डोकं खाली घातलं. ओरडली नाही, पळाली नाही. मार कुठं झेलायचा ते तिच्या अंगाला ठाऊक होतं, आणि ते बघून बसलेल्यांतल्या दोघा-तिघांनी मान फिरवली.

आत्या मधे जाऊन उभी राहिली.

"आत्या, सरक."

"आत्या न्हवं. सासू हाय मी तुजी. हात लावून बघ."

म्हाळूचा हात वरच राहिला. सासू म्हटल्यावर जावयाचा हात कसा पडणार? रीतीनं पाच वर्षं त्या पोरीला काही दिलं नव्हतं. ते आज दिलं, एका उचललेल्या हातापुरतं. दगडोबांनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

मग हौसराव बोलले. इतका वेळ ते तंबाखू थुंकायचंही विसरले होते.

"आक्का, अजून ये. हितं जागा हाय." त्यांनी आपल्या शेजारी घोंगड्यावर हात आपटला. "ये. झालं गेलं इसरू."

"आन् ती?"

"तिचं ज्या त्या रीतीनं व्हईल."

"मग जाब दे."

हौसरावांनी भावकीकडं बघितलं. भावकी त्यांच्याकडं बघत होती. भरल्या बैठकीत त्यांची बहीण त्यांना जाब विचारत होती. त्यांचा चेहरा आखडला.

"ठीक हाय. काडीमोड करू. लेक तुमी घिऊन जावा, नातबी न्या. आमी अर्ज करणार न्हाई. तात्यांची सही न्हाई तवर अर्ज पुढं जात न्हाई, आन् ते सही करणार न्हाईत. हा माजा शब्द." थोडं थांबून ते म्हणाले, "पर काडी मोडली की इवायांचं येनं-जानं तुटतं. ही बी रीतच हाय. न्हाई का, तात्या?"

दगडोबांनी नाइलाजानं मान हलवली.

"हौसा," आत्या म्हणाली, "मी तुजी भैन न्हवं का रं?"

"एका माणसाला दोन घोंगड्यांवर बसता येत न्हाई, आक्का."

म्हणजे भाऊबीज नाही. दिवाळी नाही. उद्या आपण मेलो तर खांदा द्यायला दौंडातले शेजारी. आत्याला भावाशेजारच्या त्या मोकळ्या जागेकडं जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगायचं? चार पावलांचं अंतर. जाऊन बसायचं, मान हलवायची, संध्याकाळी कस्तुराबाईच्या हातची पिठलं-भाकरी खायची. ती पोर परकी. कोण कुठली. असं मनात आलं, आणि तेवढ्यात तिला बॅटरीच्या उजेडात मोजल्या जाणाऱ्या बाया दिसल्या. तिनं बघितल्या नव्हत्या, तरी दिसल्या.

"काडी आणा," ती म्हणाली.

वखारीच्या कुडातनं कुणीतरी तुरीची वाळली काडी ओढून काढली. एक टोक म्हाळूच्या हातात, एक आत्याच्या. कट्ट झालं. एवढाच आवाज. म्हाळूनं आपला तुकडा फेकून दिला आणि जाता जाता म्हणाला, "न्या दौंडात. तिथं राखीव पोलीस, रेल्वे पोलीस, गावात माणसापरास खाकी जास्ती. बघू किती दिस लपवता."

खोटं नव्हतं ते. आत्याच्या चाळीसमोरनंच रोज परेडला जाणारी माणसं जायची. ती पोरीला कुठं ठेवणार, विचारणाऱ्यांना काय सांगणार, यातलं तिला काहीच सुचलेलं नव्हतं. नोकरीचं काय होईल तेही ठाऊक नव्हतं. पारुलला तिनं एवढंच सांगितलं, "चल."

न्यायला होतं काय? दोन लुगडी आणि बकुळीचं झबलं. कस्तुराबाईनं नातीला दारात आणून सोडलं. तिच्या मुठीत गुळाचा खडा होता. नणंदेकडं ती बघेना. "हात बांधून घ्या तिचा," एवढं चुलीकडं तोंड करून म्हणाली.

हौसराव ओट्यावर उभे होते. उन्हं चढली होती, न्हावऱ्यावरनं दौंडला जाणारी यष्टी फाट्यावर यायची वेळ झालेली. घरातनं निघणाऱ्या माणसाला आपल्यात कुणी 'जा' म्हणत नाही. 'ये' म्हणतात. वैऱ्यालासुद्धा म्हणतात. आत्या ओट्याच्या पायऱ्या उतरून थांबली. तेवढ्या एका शब्दासाठी थांबली. थोरल्या बहिणीला आयुष्यभर 'तू' म्हणणारा तिचा भाऊ तिच्या डोक्यावरनं पलीकडं, कांद्याच्या वखारीकडं बघत होता.

"जावा, इहीणबाई," तो म्हणाला.

'येते' म्हणायला वळलेली जीभ आत्यानं आवरली. कुणाला येते म्हणायचं, आणि कुठं?

"जाते, इवाई," ती म्हणाली, आणि वळून चालायला लागली.

मागनं मोडका हात सांभाळत पारुल, तिच्या पदराला धरून बकुळी. वस्तीची कुत्री फाट्याच्या निम्म्या वाटेपर्यंत आली आणि परत फिरली. बकुळीला आपण गावाला चाललो याचाच आनंद.

"आजी, आपुन कुठं चाललो?"

"तुझ्या आयच्या माह्यारला," आत्या म्हणाली.

एवढं बोलली आणि मग तिला रडू आवरेना. भर रस्त्यात, पदर तोंडाला न लावता, आईबाप मेलेली लेक रडते तशी ती रडत चालली. पारुलनं आपला धड हात तिच्या पाठीवर ठेवला. यष्टी आली, तवाही तो तिथंच होता.